रेणुकेचा काटा

१

शेषेरावांच्या लोडरमधून दीड महिन्यात नऊशे लिटर डिझेल गेलं, आणि टाकीच्या कुलपावर साधा ओरखडाही उमटला नाही.

लोडर तसा म्हातारा. पुढे बकेट, मागे खोदायचा हात, वीस वर्षांत तीन वेळा रंगवलेला आणि कपाळावर मोठ्या अक्षरांत ‘रेणुका’. लोह्याच्या अलीकडच्या एका पाझर तलावात मार्चपासून तो गाळ काढत होता. संध्याकाळी काम थांबलं की डिझेलचा काटा अर्ध्याच्या वर असायचा आणि सकाळी पावच्या जरा वर. म्हणजे रोज रात्री वीस लिटरला पाय फुटत होते. टाकीच्या कुलपाच्या किल्ल्या दोनच. एक मुकादम बालाजीकडे आणि दुसरी ऑपरेटर दगडोबाकडे. त्यातही दगडोबा मशीनशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्येच झोपायचा, त्यामुळे चोर शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही.

लातूरला आपल्या गॅरेजात बसून संगप्पा मिस्त्रीनं ही हकीकत दहा दिवसांपूर्वी फोनवर ऐकली होती. शेषेराव विचारत होते, “अप्पा, काटा खराब असंल का?” संगप्पाच्या एका हातात चहाची बशी होती. तो म्हणाला, “काटा दसऱ्याला मीच बघितलाय. काटा खोटं बोलत न्हाई शेषेराव. माणूस बघा.” मग त्यानं उरलेला चहा संपवला आणि विषयही संपवला.

आज त्याच गॅरेजाच्या दारात एक मुलगी उभी होती. संगप्पा एका वायरीच्या सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून मेणदोऱ्याची गाठ मारत होता. चिकटपट्टी उन्हानं सुटते म्हणून तो ती कधी वापरत नसे, आणि या गोष्टीचा त्याला बऱ्यापैकी तोराही होता.

“संगप्पा मिस्त्री तुमीच का?”

“हाव. बोल बाई.”

“मी राजकन्या, दगडोबाची लेक. इथं नर्सिंगला हाय.” ती आत आली नाही. “त्या दिशी शेषेराव मालकाचा फोन स्पीकरवर हुता, अप्पा. खंडोबाच्या देवळासमोर चाळीस माणसं हुती. तुमी म्हणलात, माणूस बघा. मग सगळ्यांनी माझ्या बाबाकडं बघितलं.”

संगप्पाची गाठ अर्धी राहिली. फोन स्पीकरवर होता, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण नसता तरी काय फरक पडला असता? चाळीस वर्षांत मशीन न बघता त्यानं कुणाला साधा बोल्टसुद्धा सांगितला नव्हता. ‘आधी बघतो, मग बोलतो’ हे त्याचं पालुपद सगळ्या लातूरला पाठ होतं. आणि इथं एका माणसाचा निकाल त्यानं चहा पिता पिता लावून टाकला होता. 

“माझा बाप चोर असंल तर तसं सांगा,” राजकन्या म्हणाली. “मी ऐकून घेते. पण येऊन बघा, अन् मग सांगा.”

२

शेषेराव म्हणजे मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. संगप्पा तलावावर उतरला तसं त्यांनी आधी खुर्ची मागवली, मग पाणी, मग सावलीत हलवलेली दुसरी खुर्ची. राजकन्येकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. ती बाभळीखाली उभी राहिली.

“चौदा वरसं माझ्या घरचं मीठ खाल्लं त्यानं,” शेषेराव म्हणाले. “मला राग चोरीचा न्हाई अप्पा. मागितलं असतं तर बॅरल दिलं असतं. मला लाज वाटून राहिली की मी त्याला भाऊ म्हणत हुतो.”

“पुरावा काय तुमच्याकडं?”

शेषेरावांनी मोबाईल पुढे केला. आजूबाजूच्या गावांत डिझेलचोऱ्या वाढल्याचं ऐकून त्यांनी एप्रिलमध्ये एक शिस्त घालून दिली होती. संध्याकाळी मशीन तळावर आलं की बालाजीनं काट्याचा फोटो काढायचा आणि मगच मशीन बंद करायचं. सकाळी पुन्हा चावी फिरवून फोटो, मग दिवसाचं डिझेल भरायचं, आणि मगच इंजिन लावायचं. फोटो दोन्ही वेळेला शेषेरावांना पाठवायचे. “मधी एक मिनिट बी डिझेल जळू नये अन् हिशेबाला बट्टा लागू नये म्हणून,” ते अभिमानानं म्हणाले.

संगप्पानं ऐंशी-नव्वद फोटो एकामागोमाग पाहिले. संध्याकाळी अर्ध्याच्या वर, सकाळी पावच्या वर. संध्याकाळ, सकाळ. दगडोबाला हाकललं तोवर एकही दिवस चुकला नव्हता; मग चोर सापडला म्हणून फोटोही बंद झाले होते. फोटो पाहताना त्याला कसलं तरी कुसळ टोचल्यासारखं झालं, पण नेमकं कुठं ते कळेना.

“रोज सारखंच,” तो म्हणाला. “चोर लई शिस्तीचा दिसतोय. वीसच्या वीस लिटर, ना कमी ना जास्ती. सणाला सुट्टी बी घेत न्हाई.”

“एकटा न्हवताच तो. त्याचा मेव्हणा हरिओम शेडमधी संगं झोपायचा, ग्रीस मारायला ठेवला हुता. ज्या दिशी दगडूला हाकललं, त्याच रातीपासून हरिओम गायब. गावात न्हाई, फोन बंद. आता सांगा.”

 पळून गेलेला माणूस संगप्पालाही संशयितच वाटला.

“अन् सगळ्यात मोठं सांगू?” शेषेरावांचा मोठा आवाज खाली आला. “मी त्याला शेवटची संधी दिली. देवळात नेलं. तळहातावर बेल ठेवला, भंडारा ठेवला. म्हणलं, म्हण, ‘टाकीतला एक थेंब बी मी काढला न्हाई.’ येवढं म्हण, अन् मी तुझ्या पाया पडतो.”

“मग?”

“त्यानं हात काढून घेतला, अप्पा. भंडारा भुईवर सांडला.”

बाभळीखाली राजकन्येनं मान खाली घातली. या भागात माणूस कोर्टात दहा वेळा खोटं बोलेल, पण खंडोबाचा भंडारा हातात असताना बोलणार नाही. ज्यानं हात मागे घेतला त्यानं कबूल केलं, असाच हिशेब आहे. संगप्पा लिंगायत, निलंग्याकडचा, पण हा हिशेब त्यालाही ठाऊक होता. आपण उगाच आलो की काय, असं क्षणभर त्याच्या मनात येऊन गेलं, आणि तसं मनात आल्याचीही त्याला लाज वाटली.

३

बालाजी मुकादम पस्तिशीचा, अंगानं काटकुळा. भर उन्हात त्यानं लोकरीची टोपी कानापर्यंत ओढली होती. संगप्पानं त्याला टाकीजवळ बोलावलं तेव्हा किल्ली त्याच्या हातातून दोनदा पडली.

“फोटो तूच काढायचास?”

“हाव.”

“मशीन चालू असताना?”

“सांच्याला चालू. सकाळी बंद. मालकानं सांगितलं तसं.”

“राती किल्ली कुठं ठेवायचास?”

“करदोट्याला. माझ्या अंगावरच राहायची.” बालाजी पटकन म्हणाला. “मी काय केलं न्हाई, अप्पा.”

“मी कुठं म्हणलो?” संगप्पानं टाकीचं झाकण उघडून हुंगलं. “दगडोबा कसा माणूस?”

या साध्या प्रश्नावर बालाजीचं तोंड वाकडं झालं. आता हा रडतो की काय, असं संगप्पाला वाटलं. “देवमाणूस,” तो म्हणाला, आणि लगेच शेषेरावांच्या खुर्चीकडे बघून गप्प झाला.

“देवमाणसानं भंडारा का उचलला न्हाई मग?”

बालाजीनं घाम पुसायला टोपी वर सरकवली. डोक्यावरचे केस अर्ध्या पेराएवढे, सगळे एकसारखे वाढत आलेले होते. संगप्पानं ते पाहिलं. बालाजीनं टोपी परत खाली ओढली.

“घरात कुणी गेलं का रे?”

“आई. साखराबाई. दीड महिना झाला.” तो वळला. “मला ट्रॉल्या मोजायच्यात अप्पा. जातो.”

ट्रॉल्या दुपारच्या सुट्टीत लिंबाखाली उभ्या होत्या. मोजायला तिथं काहीच नव्हतं. देवमाणूस म्हणतो आणि त्याची बाजू घेत नाही, असा हा माणूस घाबरलाय कशाला?

४

दगडोबाचं घर नायगावजवळच्या एका खेड्यात होतं. स्वतःची दीड एकर जमीन, पण चौदा वर्षं लोडरच्या सीटवर बसलेला माणूस. आता त्याला तालुक्यात कुणी मशीन देत नव्हतं. एकानं तोंडावर सांगितलं होतं, “चालवतोस चांगला दगडू, पण टाकी कोण राखणार?” संगप्पा राजकन्येसोबत पोचला तेव्हा तो ओट्यावर बसून बायकोला, कावेरीबाईंना, तूर निवडू लागत होता. मिस्त्रीला पाहताच उठून उभा राहिला. यानं आपल्याला शिव्या घातल्या तर बरं होईल, असं संगप्पाला वाटलं. पण दगडोबानं घोंगडी अंथरली.

“अप्पा, तुमी आमच्या घरी!” म्हणाला, आणि राजकन्येला पाणी आणायला आत पाठवलं.

संगप्पानं आडवळण घेतलं नाही. “भंडारा का उचलला न्हाई?”

दगडोबानं हातातलं सूप खाली ठेवलं. कावेरीबाई उठून दारात थांबल्या. पाणी घेऊन आलेली राजकन्या बापाकडे बघत होती. हा प्रश्न तिनंही त्याला आजवर विचारला नव्हता.

“मालक म्हणले, एक थेंब बी काढला न्हाई म्हण,” दगडोबा म्हणाला. “तसं कसं म्हणू, अप्पा? काढला हुता.”

राजकन्येच्या हातातला पेला खाली टेकला.

“किती?”

“पाच लिटर. एकदाच.”

“कुणाला दिलं?”

“ते न्हाई सांगत. जिला दिलं ती काय मागायला आली नव्हती, अन् आता सांगायला बी यायची न्हाई. मी ईचारलं न्हाई मालकाला, ही माझी चूक. पण तिच्या नावाचा उकिरडा करत न्हाई मी.”

“अन् बाकीचं डिझेल?”

“खंडोबाची आण. बाकीचं मला ठाऊक न्हाई.”

“हरिओम कुठं हाय?”

आतापर्यंत शांत बोलणारा माणूस एकदम आखडला. कावेरीबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या आत निघून गेल्या. “गेला किनवटला,” दगडोबा भिंतीकडे बघत म्हणाला. “त्याचं नाव काढू नका.”

संगप्पा एसटीच्या वाटेला लागला. पाच लिटरचा चोर त्याला सापडला होता, आणि तो स्वतःच्या तोंडानं कबूल झाला होता. आठशे पंच्याण्णव लिटरचा अजून बाकी होता. आणि वाट होती ती थेट किनवटला पळालेल्या हरिओमकडे जाणारी. तसं असेल तर त्या मुलीला काय सांगायचं, या विचारानं त्याला एसटीत डोळा लागला नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, डिझेल भरायच्या आधी, संगप्पानं रेणुकेची तपासणी मांडली. माणसांची तपासणी त्याला जमली नव्हती. मशीनची जमत होती.

काटा बिघडला की बघायच्या जागा ठरलेल्या. आधी टाकी. त्यानं स्वच्छ पुसलेली काठी आत सोडली. ओल पावच्याही खाली. मग टाकीतला गोळा, जो डिझेलबरोबर वरखाली होतो. त्याची वायर सुटी केली, काटा शून्याला पडला. तीच वायर मशीनच्या लोखंडाला टेकवली, काटा सावकाश चढत पूर्णवर गेला. म्हणजे वायर ठीक, अर्थिंग ठीक, काटा जिवंत. गोळा बाहेर काढून हातानं वरखाली केला. कुठं अडकत नव्हता, गळत नव्हता.

“काटा ठीक हाय म्हणा की,” शेषेराव म्हणाले. ट्रॉल्यांचे ड्रायव्हर, गाळ न्यायला आलेले शेतकरी, सगळे गोळा झाले होते.

संगप्पानं सगळं परत बसवलं आणि कपाळावरचा घाम पुसला. बाजूला राजकन्या शेषेरावांच्या मोबाईलवरचे फोटो सरकवत बसली होती. तिला मशीनमधलं काही कळत नव्हतं, म्हणूनच ती काट्याकडे न बघता बाकीचं सगळं बघत होती.

“अप्पा, हा लाल दिवा कसलाय?” तिनं विचारलं. “सकाळच्या समद्या फोटोत हाय. सांच्याच्या एकात बी न्हाई.”

“तो बॅटरीचा. चावी फिरवली अन् इंजिन बंद असलं की लागतो. इंजिन चालू झालं की…”

संगप्पाचं वाक्य तिथंच थांबलं. कालपासून टोचणारं कुसळ त्याला सापडलं होतं.

“बालाजी,” तो म्हणाला, “टाकीला कुलूप घाल. किल्ल्या दोन्ही शेषेरावांच्या हातात दे. शेषेराव, तुमी टाकीवर हात ठेवून हुभं राहा. आता नऊशे लिटरचा चोर दाखवतो तुमाला, दिवसाउजेडी.”

त्यानं इंजिन लावलं. रेणुका खोकली, थरथरली, चालू झाली. काटा सावकाश वर चढत अर्ध्याच्या पुढे गेला.

“काढ फोटो. ही झाली संध्याकाळ.”

फोटो काढला. संगप्पानं इंजिन बंद केलं, पाचपर्यंत आकडे मोजले आणि नुसती चावी फिरवली. लाल दिवा लागला. काटा अर्ध्याच्या पुढं उभा राहिला नाही. हळूहळू, चोरपावलांनी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो उतरू लागला आणि पावच्या जरा वर येऊन थांबला.

“ही झाली सकाळ,” संगप्पा म्हणाला. “शेषेराव, तुमचा हात टाकीवरच हाय. कुणी नेलं वीस लिटर?”

 मागच्या एका ड्रायव्हरनं “आयला” म्हटलं तेवढंच.

संगप्पानं समजावून सांगितलं. इंजिन चालू असलं की बॅटरीत वीज भरली जाते, दाब चौदा व्होल्टच्या वर जातो. बंद असलं की बाराच्या आसपास. असल्या जुन्या काट्याला हा चढउतार सोसत नाही, म्हणून मधे एक छोटी डबी असते. ती दाब एकसारखा ठेवते. ती डबी काम करत नसेल तर टाकीत तेवढंच डिझेल असताना काटा चालू मशीनवर जास्त दाखवतो आणि बंद मशीनवर कमी. “तुमची शिस्तच अशी हुती शेषेराव, की रोज सांच्याला फुगलेला काटा बघायचा अन् सकाळी उतरलेला. डिझेल मशीननंच खाल्लं. राती कुणी आलंच न्हाई.”

बोलता बोलता त्यानं डॅशबोर्डचे चार स्क्रू काढले आणि डबी बघायला मान आत घातली.

आत डबी नव्हती.

डबीच्या जागी दोन वायरी थेट एकमेकींना जोडलेल्या होत्या. सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, आणि वर मेणदोऱ्याची गाठ.

लातूरपासून देगलूरपर्यंत अशी गाठ मारणारा मिस्त्री एकच होता. संगप्पाला सगळं आठवलं. दसऱ्याचा आदला दिवस, पूजेची घाई, जळलेली डबी. जुन्या मशीनची डबी लातुरात मिळेना. ‘सध्या डायरेक्ट करून देतो, दसऱ्यानंतर टाकू’ असं तो स्वतःशीच पुटपुटला होता. दसरा झाला, दिवाळी झाली. शेषेरावांना त्यानं सांगितलंच नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच त्याला वाटलं नव्हतं. मग आठ महिन्यांनी फोन आला आणि तो म्हणाला, काटा मीच बघितलाय.

 डॅशबोर्डच्या अंधारात त्याचं डोकं होतं तोवर त्याचं तोंड कुणाला दिसत नव्हतं, तेवढंच बरं. त्यानं पट्टी कापून मुठीत घेतली. आता ती गाठ त्याच्याशिवाय जगात कुणाला दिसणार नव्हती.

“काय सापडलं, अप्पा?” बाहेरून शेषेरावांनी विचारलं.

६

“वायरिंगमधी फॉल्ट हाय,” संगप्पा म्हणाला. इतकं खरं होतं, आणि इतकंच तो बोलू शकला.

“उंदीर!” शेषेरावांनी मांडीवर हात मारला. त्यांच्या मनावरचं ओझं उतरत होतं, तोंडावर ते दिसत होतं. “उंदरानं खाल्लं असणार. अरे बापरे! दगडूला आजच निरोप धाडतो. झालं गेलं, ये म्हणावं परत.”

उंदराच्या माथी सगळं जात होतं. संगप्पाला फक्त गप्प बसायचं होतं, आणि तो गप्प बसलाही. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात वाईट मिनिट होतं, असं पुढं तो स्वतःच सांगायचा.

“पण मग भंडारा का सांडला त्यानं?” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

“माझ्यामुळं.”

बालाजी पुढे आला होता. टोपी त्याच्या हातात होती. “आई गेली तवा अवकाळी पाऊस हुता, मालक. लाकडं भिजलेली. तीनदा इस्तू दिला, सरण पेटंना. सोयरे छत्र्या घेऊन परत निघाले. दगडूदादानं मशीनमधून पाच लिटर काढून आणलं अन् माझ्या आईला अग्नी दिला. तुमी देवळात म्हणलात, एक थेंब बी काढला न्हाई म्हण. दादानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मला वाटलं, माझी बी नोकरी जाईल.” त्यानं हातातली टोपी पिळली. “आईच्या सरणावरचं डिझेल हुतं, अन् मी गप बसलो.”

शेषेराव मटकन खुर्चीत बसले. राजकन्या रडत होती, पण तिची मान आता वर होती.

तिनं संगप्पाकडे बघितलं. त्या नजरेत उपकार होते, आणि तेच त्याला सोसलं नाही. त्यानं मूठ उघडली.

“उंदीर मी हाय,” तो म्हणाला. “ही गाठ माझी हाय. दसऱ्याला डबी जळली हुती, मी डायरेक्ट करून दिलं अन् ईसरलो. काटा माझ्यामुळं खोटं बोलला. अन् वरून मीच फोनवर सांगितलं, काटा खोटं बोलत न्हाई. बालाजी भिऊन गप बसला, नोकरी जाईल म्हणून. मी आत्ता गप बसलो हुतो, नाव जाईल म्हणून.”

 राजकन्येनं नजर काढून घेतली.

तासाभरात शेषेरावांच्या जीपमधून सगळे दगडोबाच्या ओट्यावर पोचले. शेषेराव पाया पडायला वाकले, दगडोबानं धरून उठवलं. संगप्पानं उभं राहूनच सगळं सांगितलं, चहाच्या बशीपासून मुठीतल्या पट्टीपर्यंत, काही न गाळता.  दगडोबाचं तोंड उजळायला हवं होतं. ते काळंठिक्कर पडत गेलं.

“अप्पा,” तो शेवटी म्हणाला, “तुमी म्हणला काटा बरोबर हाय. मग मला बी वाटलं, बरोबरच असंल. संगप्पा मिस्त्री चुकत न्हाई. मी घेतलं न्हाई, मग शेडमधी दुसरा कोण? हरिओम.” त्यानं ओठ चावला. “त्याच सांजेला ह्या ओट्यावर मी त्याला पायातल्या वहाणेनं मारला. सगळ्या गल्लीदेखत. मला म्हणत हुता, दाजी, न्हाई घेतलं. मी ऐकलं न्हाई.”

दारातून कावेरीबाई बोलल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता. “तुमची अबरू आली माघारी. माझ्या भावाची कोण आणतंय?”

दगडोबा ओट्याच्या कडेला बसला.

“मला कुठं तोंड हाय त्याच्याकडं जायाला?” दगडोबा म्हणाला.

“मला बी न्हाई,” संगप्पा म्हणाला. “चल. दोघं जाऊ.”

दुसऱ्या दिवशी नांदेडहून किनवटच्या गाडीत ते समोरासमोर बसले. भोकर गेलं, हिमायतनगर गेलं, सागाचं रान सुरू झालं. वाटेत दगडोबानं एकदाच विचारलं, “काय म्हणायचं त्याला?” संगप्पानं खिशातली ट्यूबची पट्टी चाचपली.

हरिओम एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागला होता. मागच्या दारी तो भाजीचं पातेलं घासत बसला होता. वळून त्यानं दोघांना पाहिलं आणि पातेलं सोडून झटकन उठला. हातापायांना राख लागलेली. दाजींबरोबर तो नावाजलेला मिस्त्री आलाय, म्हणजे आता पुरावा सापडला असणार, असंच त्याला वाटलं असावं. तो दोन पावलं मागे सरकला, भिंतीला टेकला आणि कुणी काही बोलायच्या आत हात जोडून म्हणाला,

“दाजी, मी खरंच न्हाई घेतलं हो.”

 दगडोबा तिथंच उकिडवा बसला आणि त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. बोलायचं काम संगप्पाचं होतं. त्यानं पुढं होऊन हरिओमचे जोडलेले हात धरले, राखेसकट, आणि सुटे केले.

“ठाऊक हाय बाबा,” तो म्हणाला. “कुणीच घेतलं नव्हतं. बस खाली. माझं ऐकून घे.”